झाकणासाठी गेलेलं गाठोडं

दुसऱ्यांचे कपडे फाटायची वाट पाहत इतकं आनंदात जगणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. लखनऊला आलमबागेत आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या, म्हणून आम्ही त्यांना वरच्या काकू म्हणत असू. मूळच्या नागपूरच्या. कुणी नवी साडी नेसून आलं की बाकीच्या बायका कुठून घेतली, केवढ्याला घेतली ते विचारत, काकू पदर चिमटीत धरून विचारायच्या, "किती धुणी झाली हिची?" पहिलंच नेसणं आहे म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "असू दे. होईल हळूहळू," असं म्हणून त्या समजूत घालायच्या. आपली की साडीवालीची, हे कधी कळलं नाही.

काकूंचा छंद एकच. कापडाच्या तुकड्यांचे चौकोन शिवायचे आणि त्या चौकोनांच्या गोधड्या करायच्या. मापाला त्यांच्याकडे न्हाणीघर बांधताना उरलेली एक फरशी होती. पांढरी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. ती कापडावर ठेवायची, साबणाच्या चिपेने भोवती रेघ मारायची आणि कात्री चालवायची. फरशी सदा पर्समध्ये. एकदा हळदीकुंकवाला माझ्या पाठीला एकदम गार लागलं म्हणून मी दचकले, तर काकू मागे उभ्या राहून माझ्या ब्लाउजवरचं फूल चौकोनात नीट बसतं का ते बघत होत्या. बसत होतं. तेव्हापासून तो ब्लाउज मी जपून वापरू लागले.

कापडाला स्वभाव असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. तुकडा हातात आला की आधी गालावर घासायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "अजून रागात आहे हे." रागातलं कापड गोधडीत, त्यातून बाळाच्या गोधडीत, घालायचं नाही म्हणजे नाही. ते दहा-पंधरा वेळा धुवायचं, लखनऊच्या उन्हाळ्यातली लू आणि थंडीतलं धुकं दोन्ही त्याला दाखवायचं, मग ते शांत होतं. त्यामुळे आमच्या गच्चीवर बारा महिने दोऱ्यांवर रंगीत तुकडे फडफडत असायचे आणि नवीन पोस्टमन हमखास विचारायचा, कुणाचं लग्न आहे का.

नाक्यावरचे शिंपी मास्टरजी त्यांचे खास. काकू जिन्यातूनच ओरडायच्या, "मास्टरजी, वो पीलावाला फेंकना मत हं, मैं येऊन राहिली!" मास्टरजी अस्सल लखनवी. अर्धं मराठी ऐकूनही कपाळावर आठी नाही. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "बहनजी, आप हुक्म करें तो थान फाड़ दें, कतरन क्या चीज़ है।"

पण खरा त्याग काकांचा. काका एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, सारा जन्म उंदरांवर प्रयोग करण्यात गेलेला. शर्टाचा जो भाग पॅन्टीत खोचला जातो तो जगाला दिसत नाही, सबब तो आपला, असा काकूंचा हिशोब. काका नेहमी खोचलेल्या शर्टात असायचे, अगदी मे महिन्यातसुद्धा, आणि मला वाटायचं काय शिस्तीचा माणूस आहे! एकदा शहराबाहेर बख्शी का तालाबला आम्ही मराठी मंडळी सहलीला गेलो होतो. आंब्याच्या फांदीला हात घालताना काकांचा शर्ट वर सरकला आणि खाली तीन सुबक चौकोनी खिडक्या दिसल्या. काकांनी शर्ट शांतपणे आत सारला आणि म्हणाले, "संशोधन चालू आहे."

आता या कहाणीतल्या मूर्ख बाईबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. ह्यांची बँकेत बदली झाली म्हणून नाशिकहून लखनऊला आलेली, आणि लखनऊवर आपण उपकारच केले अशा थाटात राहणारी. माझ्या घरात पडदे, सोफा आणि मी, तिघं एकाच मोरपिशी रंगात असायचो. मी सोफ्यावर बसले की ह्यांना आधी नुसता चेहराच दिसायचा. मला दिवस गेले तेव्हा मी हजरतगंजातून बाळासाठी गुलाबी, चकचकीत, नायलॉनचं ब्लँकेट आणून ठेवलं. काकूंनी ते गालाला लावलं, डोळे मिटले, मग दुसऱ्या गालाला लावून पाहिलं. "हे रागात नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणाला ओळखतच नाही." मी मनात म्हटलं, चिंध्या वेचणाऱ्यांनी मला शिकवू नये.

सातव्या महिन्यात काकू भाच्याच्या लग्नाला पंधरा दिवस नागपूरला निघाल्या. जाताना जुन्या चादरीत गच्च बांधलेलं एक गाठोडं माझ्याकडे ठेवलं. वर उंदीर फार झाले होते, आणि प्रयोगशाळेत उंदरांना धाक असलेले काका घरात मात्र त्यांना बघून पाय खुर्चीवर घेत. "उघडू नको," काकू म्हणाल्या, "पण सांभाळ." मी ते दिवाणाखाली ढकललं.

चौथ्या दिवशी बर्तनवाली आली. आपल्याकडची बोहारीण म्हणा ना. जुने कपडे घ्यायचे, स्टीलची भांडी द्यायची. मला धान्याचा मोठा डबा हवा होता. मी माझ्या झाडून सगळ्या जुन्या साड्या काढल्या. जुनं म्हणून घरात काही राहू द्यायचं नाही, हा माझा तेव्हाचा बाणा. तासभर घासाघीस झाली. तिने डबा दिला, झाकण मात्र मांडीखाली दाबून ठेवलं. "ढक्कन के लिए कुछ और निकालो, बहूजी।" माझ्याकडे काही उरलं नव्हतं. बिनझाकणाचा डबा माझ्या मॅचिंग संसारात कसा चालायचा? वर एवढ्या चिंध्या फडफडतायत, त्यात एक गाठोडं कमी झालं तर कुणाला कळणार, असा विचार मी केला. मी केला, दुसऱ्या कुणी नाही. गाठोडं गेलं. झाकण आलं.

काकू परत आल्या त्या थेट माझ्या दारात, हातात संत्र्याची बर्फी. गाठोडं मागितलं. मी सांगितलं, उंदरांनी नेलं. काकूंनी काकांना हाक मारली. काका खाली आले, वाकून दिवाणाखाली बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "उंदीर कुरतडतो. चादर बांधून नेताना मी अजून पाहिला नाही." मग मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं, अगदी झाकणासकट.

काकू दिवाणावर बसल्या. गाठोड्यात चिंध्या नव्हत्याच. मला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून शिवलेले चौकोन होते, जोडायचेच काय ते बाकी. लखनऊतल्या एकेका मराठी घरातून जुनं, मऊ कापड मागून आणलेलं होतं, माझ्या बाळासाठी, कारण इथं बाळाला ना आजीचं लुगडं मिळणार होतं ना मावशीची साडी. ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. त्यांनी मात्र विचारलं,

"झाकण तरी नीट बसतं का?"

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

बर्तनवाली तेलीबागेत राहते, एवढं मास्टरजींना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलरिक्षाने निघालो. मी माझं पोट सांभाळत, काकू मला सांभाळत. गाठोडं आणल्याशिवाय परतायचं नाही, असं मी रस्ताभर घोकत होते. विचारत विचारत तिचं घर सापडलं. ती दारातच बसली होती. मला बघून म्हणाली, "क्या हुआ बहूजी, ढक्कन ढीला है?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात काकूंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. आत खाटेवर सहा-सात दिवसांचं बाळ झोपलं होतं. बर्तनवालीची नात. तिच्या अंगाखाली आमचे चौकोन होते. वेडेवाकडे, घाईघाईने, जाड दोऱ्याने जोडलेले; पण सगळेच्या सगळे. कुणाची इरकल, कुणाचं सुती लुगडं, काकांच्या शर्टाच्या तिन्ही खिडक्या. बर्तनवाली म्हणाली की इतकं मुलायम कापड तिच्या धंद्यात तिला कधी मिळालं नव्हतं, म्हणून विकलंच नाही.

काकू वाकल्या. बाळाला नाही, गोधडीला हात लावला. मग म्हणाल्या, "कोना छूट रहा है। सुई है क्या?"

आणि खाटेच्या कडेला बसून, बाळाला न उठवता, त्यांनी तो सुटणारा कोपरा बारीक टाक्यांनी शिवून दिला. दोरा दाताने तोडला, चहा प्यायल्या आणि उठल्या. मागितलं काहीच नाही.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "तुमची इतक्या महिन्यांची मेहनत गेली, काकू."

"गेली कुठं? बाळाच्याच अंगाखाली आहे नं," त्या म्हणाल्या. मग पर्समधून फरशी काढून माझ्या मोरपिशी पदरावर ठेवली आणि एक डोळा बारीक केला. "किती धुणी झाली हिची?"

खूप झाली होती. ती माझी सर्वात लाडकी साडी होती. घरी जाऊन मी ती स्वतः कापली. सोफा एकटा पडला.

हातात दोनच महिने, आणि गच्चीवरची कापडं अजून रागात. त्यामुळे नवी गोधडी निव्वळ माझ्या साडीची आणि काकांच्या शर्टांची झाली. वीस चौकोनांची, काकूंनीच शिवलेली. लेक जन्मल्यावर तिचे पाय पहिल्या महिन्यातच बाहेर यायला लागले. काकांचे चार शर्ट मात्र कंबरेखाली अजिबात उरले नाहीत. हजरतगंजातलं ब्लँकेट एकदा इस्त्रीला चिकटलं आणि त्या घरात कुणालाही न ओळखता निघून गेलं.

काका निवृत्त झाले तसे ते दोघं नागपूरला गेले. काही वर्षं पत्रं यायची, आणि प्रत्येक पत्रात शेवटी तोच प्रश्न असायचा, झाकणाचा. मग पत्रं थांबली. डबा अजून माझ्याकडे आहे. झाकण सैल निघालं, हे मी त्यांना शेवटपर्यंत कळवलं नाही. त्याच डब्यात ती गोधडी ठेवलेली असते. यंदा लेकीला मुलगा झाला, तेव्हा ती बाहेर काढली. गालाला लावून पाहिली. इतकं शांत झालेलं कापड मी कधी अनुभवलं नव्हतं. हाताला लागतच नाही. एक कोपरा सुटत आलाय. लेक रोज म्हणते, "आई, ठीक कर दो ना यार," आणि मीही सुई ओवून ठेवलीय. चष्मा सापडत नाही, असं मी तिला सांगते. चष्मा माझ्या नाकावरच असतो. पण तिथला अर्धा टाका अजून काकूंच्या हातचा शिल्लक आहे, आणि त्यावर आपला टाका घालायचा म्हणजे जरा धीर लागतो.