विचारलंय का त्यांना?

आमच्या सकाळच्या एसटीत सिस्टर माणसांना थांब्याच्या नावानं हाक मारायच्या. मी लासुर्ण्याला चढायचो म्हणून मी लासुर्णे. निमगाव केतकीला चढणारे प्राथमिक शाळेचे गुरुजी म्हणजे निमगाव. "निमगाव, सरका की जरा, लासुर्ण्याला टेकू द्या," असं त्या भर गाडीत म्हणायच्या आणि नवखा प्रवासी गोंधळून खिडकीबाहेर बघायचा. आमची खरी नावं त्यांना ठाऊक होती. पण त्या म्हणायच्या, "एका नावाची माणसं लई असत्यात. थांब्यावर उभा राहणारा एकच असतोय."

सिस्टर इंदापूरला राहायच्या आणि बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होत्या. इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, त्यात चार पिना. इंदापूर म्हणजे गाडी सुटायचं ठिकाण, सगळ्या जागा त्यांच्या; तरी त्या कधी खिडकीशी बसल्या नाहीत. वाऱ्यानं केस विस्कटतात म्हणून. "पेशंटनं डोळं उघडलं की पहिलं आपलं तोंड बघतोय. ते नीट नको?" उन्हाळ्यात गाडीची भट्टी झाली तरी त्या तशाच, आत्ता कपाटातून काढल्यासारख्या.

गाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढला. उद्देश साधा होता, गाडी कुठवर आली ते पुढच्या थांब्याला कळावं. "निमगाव सोडलं", "आज पुढचं दार उघडत न्हाय, मागनं चढा", असे त्यांचे मेसेज असायचे. पण ग्रुप म्हटल्यावर सुप्रभात आली, फुलं आली, आणि त्यांच्यामागून मदतीची आवाहनं आली. कुणाला रक्त हवं, कुणाचं ऑपरेशन अडलंय, कुणाचं घर जळालंय. खाली ठरलेली ओळ, माणुसकी असेल तर पुढे पाठवा. आता माणुसकी नाही असं कोण कबूल करणार? पाठवायचे सगळे.

एकदा असंच रक्ताचं आवाहन आलं. बाळाला दुर्मिळ गटाचं रक्त हवं, तातडीनं. अख्खी गाडी हळहळली. सिस्टरांनी पर्स मांडीवर ठेवली आणि खालच्या नंबरावर सरळ फोन लावला. पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला. "बाई, ते बाळ आता शाळेत जातंय हो. मला रोज फोन येत्यात. तुमच्या पाया पडतो, कुणीतरी बंद करा हे." सिस्टरांनी त्याची माफी मागितली, जणू मेसेज त्यांनीच काढला होता.

त्या दिवसापासून नियम झाला. आवाहन आधी सिस्टरांकडं जायचं. त्या चौकशी करणार, मगच ते ग्रुपवर येणार. मी एमआयडीसीतल्या डेअरीत दूध तपासतो, म्हणून मला म्हणाल्या, "लासुर्णे, तू दुधातलं पाणी काढ, मी मेसेजमधलं काढते." पण खरंखोटं बघून त्यांचं भागायचं नाही. आवाहन अगदी खरं असलं, तरी त्यांचा पुढचा प्रश्न असायचाच. "ज्याच्यासाठी मागताय, त्याला इचारलंय का?" आणि आजारी माणसाचा फोटो तर बिलकूल नाही. कुणी टाकलाच तर त्या तिथल्या तिथं उडवून टाकायच्या.

मला हा अतिरेक वाटायचा. मी तसं बोललोही. "सिस्टर, मरणाच्या दारातल्या माणसाला काय विचारायचं? आणि फोटो बघितल्याशिवाय कुणाचा हात खिशात जातो?"

त्यांनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "आमची आजी गावात भाकर मागायला जायची. गावानंच तसं ठरवलेलं, तिला कुणी इचारलं न्हवतं. धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं ते टोपलं चुलीत घातलं. पुढं आमी शिकलो, नोकऱ्या लागल्या, घरं बांधली. तरी गावात म्हातारी माणसं मला बघून म्हणायची, ही त्या भाकर मागणारीची नात का? मागणाऱ्याचं तोंड गाव इसरत न्हाय, लासुर्णे. देणारा कोण ते मातर कुणाच्या ध्यानात राहत न्हाय."

 भवानीनगर आलं, तसं त्यांनी मोबाईल काढून ग्रुपवर कळवलं.

नुसता नियम करून त्या हात झटकणाऱ्या नव्हत्या. अंथुर्ण्याहून कॉलेजला येणाऱ्या मुलीच्या वडिलांचा हात यंत्रात सापडला, तेव्हा मुलीच्या मैत्रिणींनी फोटोसकट आवाहन तयार केलं होतं. सिस्टर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या. वडील म्हणाले, "मदत घेतो बाई, पर पोरीच्या कॉलेजात माझा ह्यो हात दावू नगा." मग सिस्टरांनी दवाखान्यातल्या ओळखी वापरून धर्मादाय कोट्यातली खाट मिळवून दिली, आणि गाडीतल्या आम्हा मोजक्या लोकांना कानात सांगून बाकीचं जमवलं. त्या मुलीला आजही ठाऊक नाही की तिच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी कुणी काय दिलं.

पण नियमाचा एक दिवस वाईट निघाला. बारामती स्टँडवर एक आबा पेरू विकायचे. आमच्या गाडीचे हक्काचे आबा; सिस्टरांना मीठ-मसाला वेगळा बांधून द्यायचे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि गुरुजींनी आवाहन लिहिलं. गुरुजी म्हणजे मोठ्या मनाचा माणूस. दुसऱ्याचं दुःख दिसलं की त्यांना दम धरवत नाही. सिस्टर मात्र पेरूच्या हातगाडीजवळ जाऊन आबांना विचारून आल्या. आबा म्हणाले, "पोरांशी बोलतो आन् सांगतो." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लाजेनं त्यांच्या तोंडून होय निघेना आणि गरजेपोटी नाहीही निघेना. सिस्टर थांबल्या. एका सकाळी हातगाडीवर पेरू नव्हते, नुसती ताडपत्री होती.

गुरुजी गाडीत रडले. रडता रडता म्हणाले, "सिस्टर, तुम्ही विचारत बसलात." बस्स, एवढंच.  त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना खिडकीशी बसलेलं पाहिलं. केस उडत होते, आणि त्यांनी ते आवरले नाहीत.

त्यानंतर ग्रुपवर मतं मागवली गेली. ज्याला जे आवाहन टाकावंसं वाटेल त्यानं टाकावं, कुणाच्या परवानगीची गरज नाही. अंगठ्यांचा पाऊस पडला. सिस्टरांनी लिहिलं, "सर्वांना योग्य वाटेल तसं." नियम गेला. त्या ग्रुपमध्ये राहिल्या, कारण गाडी कुठं आली ते सांगायला कुणीतरी हवंच होतं. निवृत्त झाल्यावरसुद्धा, गाडीत नसताना, रोज सकाळी त्यांचा मेसेज यायचा, "गाडी मिळाली का सगळ्यांना?" त्यांना उत्तर द्यायची सवय आम्हाला पुढं पुढं राहिली नाही. 

मग सिस्टरांना अर्धांगाचा झटका आला. पती पूर्वीच गेलेले, मूलबाळ नाही, भाचा तेवढा जवळचा. खासगी नोकरी, त्यामुळं पेन्शनच्या नावानं शून्य. त्यांना पुण्याला हलवलं आणि दवाखान्यानं आधी पैसे भरायला सांगितलं. घाबरलेल्या भाच्यानं अतिदक्षता विभागात एक फोटो काढला आणि गुरुजींना पाठवला. गुरुजींनी तो ग्रुपवर टाकला. आयुष्यभर रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या लाडक्या सिस्टरांना आज आपली गरज आहे, असं काळीज पिळवटून लिहिलं. त्यांनी ते खरोखर रडत लिहिलं असणार, मला शंका नाही.

मी डेअरीत नमुने तपासत होतो. मोबाईल उघडला आणि तो फोटो समोर आला. तोंड एका बाजूला ओढलेलं, नाकात नळी, अंगावरचा कपडा खांद्यावरून घसरलेला. अंबाडा सुटून केस उशीभर पसरलेले. माणूस म्हणून ओळखू येत होतं, सिस्टर म्हणून नाही. मला तो फोटो झाकून टाकावासा वाटला. पण मोबाईलवरचा फोटो झाकणार तरी कशानं?

तो फोटो इंदापुरात फिरला, बारामतीत फिरला, सोसायट्यांच्या, भिशीच्या, क्रिकेटच्या ग्रुपांवर फिरला. मदत भरभरून आली, कबूल केलंच पाहिजे. सिस्टर वाचल्या. काठी टेकत का होईना, घरी आल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. साडी इस्त्रीची होती. अंबाडा मात्र भाच्याच्या बायकोनं घातलेला, जरा सैल.

"लासुर्णे, ये. चहा घे," म्हणाल्या. शब्द किंचित अडखळत होते. मग स्वतःच विषय काढला. "काल बाजारात गेले हुते. मेथीची जुडी घेतली, तर ती बाई पैसेच घेईना. म्हणती, मावशी, तुमचा फोटो बघितला मोबाईलवर, तुमच्याकडनं कसं घेऊ? मी म्हणलं, अगं, मेथीचं पैसं हायेत माझ्याकडं. तर तिनं माझ्या पिशवीत आणिक एक जुडी घातली."

 मी म्हणालो, "सिस्टर, गुरुजींचा हेतू..."

"गुरुजींवर राग न्हाय. मला इचारलं असतं तर मी नगंच म्हणले असते, आन् पेरूवाल्या आबासारखी गेले असते. ते मला कळतंय. जीव वाचला, तुमा सगळ्यांचे उपकार हायेत." त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "पर त्या पोराला सांगायला कुणीच न्हवतं का रे? आत्याच्या खांद्यावर आदी पांघरूण घाल, म्हणावं."

एवढं बोलून त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला, घरात आम्हा दोघांशिवाय कुणी नसताना.

त्या आठवड्यात ग्रुपवर एक ओळ दिसली, सिस्टरांनी ग्रुप सोडला. कुणी म्हणालं, चुकून बटण दाबलं गेलं असेल, हात चालत नाही ना. गुरुजींनी त्यांना पुन्हा घेतलं. त्या पुन्हा बाहेर पडल्या. मग गुरुजींनाही कळलं असावं. त्यांनी परत घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. दुसरा झटका झोपेतच आला. अंत्यविधीला आमची अख्खी गाडी होती. भाच्याच्या बायकोनं त्यांचा अंबाडा घट्ट घातला होता, चार पिना लावून. मी तेवढं बघितलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. आमच्या गाडीत पुन्हा कुणी मला लासुर्णे म्हटलं नाही.

परवा डेअरीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तातडीनं मदत हवी, पुढे पाठवा. खाली तोच फोटो. कुठल्या कुठं फिरून तो पुन्हा आमच्याकडं आला होता. पाठवणारा मुलगा नवीन होता, पॅकिंग विभागातला, भला पोरगा. मी त्याला लिहिलं, "या सिस्टर वारल्या. त्या माझ्या ओळखीच्या होत्या. कृपया हे कुठंही पाठवू नका."

"सॉरी सर, माहीत नव्हतं," असं त्याचं लगेच उत्तर आलं. आवाहन त्यानं काढूनही टाकलं. मला बरं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर ग्रुपवर त्यानं सिस्टरांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती. भोवती फुलांची चौकट होती, खाली तेवणारी पणती होती. फोटो तोच होता.