शिडीवरच्या मुंग्या

दादरच्या एका पोहण्याच्या तलावावर मी वायरमन होतो. विजेच्या कामात मला शिकवील असा माणूस त्या आवारात नव्हता, आणि हे मी बोलूनही दाखवायचो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. पंपघराच्या भिंतीवर कुणीतरी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं ठसठशीत रंगवलं. मॅनेजरसाहेबांचं धाबं दणाणलं. मी रजेवर होतो तेवढ्यात त्यांनी रंगारी बोलावून भिंत पांढरी करून घेतली.

परत आलो तर तलावात उतरायच्या लोखंडी शिडीभोवती पावडर भुरभुरलेली. शिपायाला विचारलं.

“बायकांच्या वेळेला ठाकूरद्वारच्या मास्तरीणबाई येतात ना, त्यांनी तक्रारीच्या वहीत लिवलंय, शिडी धरली की मुंग्या येतात. साहेब बोलले, पावडर मार.”

मी कपाळावर हात मारला. “अरे, मुंग्या शिडीला नाय, हाताला येतात! करंट आहे तो!”

धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंपाच्या केबलचं रबर कुजलं होतं, आणि रंगाच्या आड येते म्हणून रंगाऱ्यांनी अर्थची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तार सोडून ठेवली होती. पंपातला करंट नळातून शिडीत येत होता.

साहेब म्हणाले, “बायका यायची वेळ झाली. चालू कर, नंतर बघू.”

“साहेब, नोकरी घ्या. स्विच मिळणार नाही.”

केबल बदलली, अर्थ जोडली. शिवाय शिडी, नळ, पाण्याला लागणारं सगळं लोखंड त्याच तारेला बांधलं. पंप चालू करून शिडीला करंट तपासायचा टेस्ट लॅम्प लावला, पेटला नाही. काम चोख झालं होतं. पण बायका काठावरच. एकीचाही पाय पाण्यात पडेना, आणि त्यांचं काय चुकत होतं?

मग मीच लेंगा-सदऱ्यासकट शिडीवरून उतरलो, गळ्यापर्यंत.

“मुंग्या?” मास्तरीणबाईंनी वरून विचारलं.

“एकसुद्धा नाही.”

“मग शिडी का सोडत नाही?”

“पोहता येत नाही, बाई.” पाय टेकत नव्हते. विजेची नाही, पाण्याची भीती वाटत होती मला, सपशेल.

बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी मैत्रिणीकडे दिला. “तसेच धरून राहा,” म्हणाल्या, आणि तीच शिडी धरून माझ्या शेजारून पाण्यात उतरल्या.