दिवेलागणीच्या आधी

ऑफिसातून आलो की मी लगेच वर जात नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून दहा मिनिटं नुसता बसतो. बायकोला फोनवर सांगतो, "ट्रॅफिक आहे." मनाशी दोन शब्द बोलायचे, तर तेही असे चोरून.

काल सहज शेजारच्या गाडीत नजर गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. पापणीही हलत नव्हती. पलीकडच्या गाडीत एक चेहरा, त्याच्या पलीकडे आणखी एक. बरण्यांत ठेवल्यासारखी माणसं, झाकणं घट्ट लावलेली. त्यांना मीही असाच दिसत असणार.

घाईने उतरलो आणि वर पाहिलं. तिन्हीसांजेला घरात अंधार नको, म्हणून दिवस मावळायच्या आत दिवा लावणारी माझी बायको काळ्याभोर खिडकीत उभी होती. पुतळ्यासारखी. खाली माझ्या गाडीकडे बघत.

वर जाऊन दार उघडलं, बटणाकडे हात नेला.

"नको ना लावूस," ती हळूच म्हणाली. "तू खाली बसतोस तेवढीच दहा मिनिटं मिळतात मला. आज लवकर आलास."