जुन्या तोंडवळ्याची नवी गाडी

मराठवाड्यात आजवर मोटारसायकलीवर बसलेल्या समस्त माणसांत तिला जनावर समजणारा माणूस एकच निघाला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. अहमदपूरला राहणारे हे माझे थोरले साडू जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, पण डॉक्टरांच्या हाताखाली त्यांनी इतकी वर्षं काढली की सगळा तालुका त्यांना डॉक्टरच म्हणायचा, आणि त्यांनीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. सकाळी म्हशीच्या पोटात घातलेला हात धुऊन तोच मोटारसायकलच्या हँडलवर ठेवायचा, असं आयुष्यभर केल्यामुळे त्यांच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झाली असावी. गोल दिव्याची, फुगीर टाकीची त्यांची जुनी काळी मोटारसायकल बंद पडली की ते आधी टाकीवर पालथा हात ठेवून ताप बघायचे. मग खाली वाकून कान लावायचे आणि "पोट गच्च झालंय" असं निदान करून कार्ब्युरेटर खोलायला बसायचे. दुसऱ्याला गाडी द्यायची वेळ आलीच, तर आरशाजवळ तोंड नेऊन तिच्या कानात काहीतरी सांगायचे. पोळ्याला तर कहरच असायचा. झूल पांघरलेली, हँडलला गोंडे बांधलेली आणि टाकीवर हिंगुळाचे ठिपके काढलेली ती मोटारसायकल बैलांच्या रांगेत उभी राहायची आणि मारुतीच्या देवळाला फेरी घालायची. एका वर्षी मागच्या बैलानं तिला शिंग मारून मागचा दिवा फोडला, तेव्हा लोक हसले. साडूभाऊ मात्र शांतपणे म्हणाले, "नवा हाय बैल. वळख न्हाई अजून." पुरणपोळीचा पहिला घास त्यांनी त्या दिव्याच्या खोबणीत ठेवला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. नवऱ्याच्या या वेडाबद्दल ती सतत करवादायची, पण त्या मोटारसायकलीचा आवाज तिच्याइतका कुणाला कळत नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा मी नांदेडहून त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा दुपार कलली तरी तव्याचा पत्ता नव्हता. नवा जावई, मागायची सोय नाही, पोटात कावळे ओरडताहेत आणि अक्का आपली पीठ मळून चुलीपाशी बसलेली. "बाजार समितीच्या मागं हायत अजून," ती म्हणाली. मला कसलाच आवाज ऐकू आला नव्हता. थोड्या वेळानं तिनं तवा ठेवला. "आता वळले. बसा तुमी पाटावर." भाकरी फुगली आणि त्याच वेळी अंगणात फटफट थांबली. माझ्या बायकोला माझी स्कूटर दारात येऊन दोनदा हॉर्न वाजवल्यावरही ओळखू यायची नाही, त्यामुळे मला त्या दिवशी साडूभाऊंचा चांगलाच हेवा वाटला होता.

निवृत्तीनंतर सुटे भाग मिळेनासे झाले आणि ती मोटारसायकल भंगारात गेली. त्यानंतर अक्का विसरायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं लातूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, पण साडूभाऊंना ते कधी पटलं नाही. आधी अक्का भाजीतलं मीठ विसरली. मग हैदराबादला असलेल्या मुलाचं नाव विसरली. मग एके सकाळी नवऱ्याच्या हातात चहाची कपबशी देताना तिनं अगदी अदबीनं विचारलं, "तुमी कोनाकडं आलाव?" हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. या माणसाची थट्टा करण्यात मी निम्मं आयुष्य घालवलं आहे, पण त्या दिवशी मी फक्त डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. दुखणं बरं होणारं नाही, हळूहळू वाढतच जाणार, फक्त जुन्या ओळखीच्या वस्तू आसपास असू द्या, तेवढाच आधार वाटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसऱ्या कुणी घरात लग्नाचे फोटो लावले असते. साडूभाऊंनी मोटारसायकल शोधायला सुरुवात केली.

"मला इसरली त इसरू द्या," ते मला म्हणाले. "गाडी न्हाई इसरायची ती. अन् गाडी वळखली की गाडीवर कोन बसलंय ते बी वळखंल. बगा तुमी." या एका आशेवर त्यांनी लातूर-उदगीरची सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली. अहमदपूरच्या बसस्थानकाजवळचे त्यांचे जुने मिस्त्री त्यांना हात जोडून म्हणाले, "डाक्टरसाब, वो गाडी अब किधर की? उसके तवे-परातां बन गए होंगे." तरी त्यांचा शोध थांबला नाही. आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं की नांदेडच्या एका शोरूममध्ये अगदी तशीच मोटारसायकल आली आहे, कोरी करकरीत.

अक्काजवळ माझी बायको जाऊन राहिली आणि साडूभाऊ एसटीनं नांदेडला आले. शोरूममधला तो तास आठवला की मला अजून घाम फुटतो. गाडी खरोखर हुबेहूब होती. तोच गोल दिवा, तीच फुगीर टाकी, तसाच काळा रंग आणि बाजूनं गेलेली सोनेरी रेघ. साडूभाऊंनी तिच्याभोवती फेरी मारली, खाली बसून तिचं पोट चाचपलं, पुढचं चाक हातात धरून खूर बघावा तसं बघितलं आणि शेवटी मागच्या मडगार्डवर अशी थाप मारली की सगळं शोरूम वळून पाहायला लागलं. "चाल कशी हाय?" त्यांनी विचारलं. माहिती देणारी मुलगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "काका, दिसायला जुनी आहे, पण आतून सगळी नवी आहे. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. ब्रेक दाबला तरी चाक घसरत नाही. किक मारायला नको, बटण दाबलं की झालं." साडूभाऊ ऐकत होते. दिव्याच्या चकचकीत कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "आमच्या घरी बी असंच झालंय," ते तिला म्हणाले. "दिसायला तीच हाय. आतून निराळी." मुलीला वाटलं काकांची आधीची एक गाडी आहे, म्हणून तिनं जुनी देऊन नवी घेण्याची योजना समजावून सांगायला घेतली. मी बाहेर जाऊन रस्त्यावरची वाहनं बघत उभा राहिलो.

नवं जनावर एकट्यानं घरी नेऊ नये, असं म्हणून त्यांनी मला मागे बसवलं. पहिला घोळ शोरूमच्या दारातच झाला. बटण असल्याचं ऐकूनही त्यांचा उजवा पाय आपसूक वर गेला आणि नसलेल्या किकवर सगळ्या अंगाचा भार टाकून खाली आला. मी मागे नसतो तर दोघेही आडवे झाले असते, म्हणजे ते आणि गाडी. लोह्यापर्यंत प्रवास बरा झाला. "आवाज न्हाई करत," एवढीच त्यांची तक्रार होती. "आजारी असल्यावानी चालती." लोह्याच्या पुढे आम्ही चहाला थांबलो आणि तिथं त्यांनी ते केलं, जे त्यांच्या पिढीतल्या प्रत्येक माणसानं गाडी सुरू करण्यापूर्वी केलेलं आहे. गाडी एका कुशीवर कलती करायची, म्हणजे तळाचं पेट्रोल नळीत उतरतं. टाकी काठोकाठ भरलेली होती, पण सवयीला ते कोण सांगणार? "धरा तिकडून," ते मला म्हणाले, चावी फिरवली आणि दोघांनी मिळून ते अवजड धूड जवळजवळ जमिनीला टेकवलं. उचलायला चहावाल्यासकट चार माणसं लागली. उचलल्यावर बटण दाबलं तर गाडी ढिम्म. समोर एक लाल दिवा लुकलुकत होता. साडूभाऊंनी टाकीवर पालथा हात ठेवला, कान लावला, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "धक्का खाल्ला तिनं," ते म्हणाले. "माझ्या हातानं झालं." ते रस्त्याच्या कडेला मातीत बसले. इतकी वर्षं ओळखतो त्यांना, पण त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि ते गाडीसाठी रडत नव्हते हे कळण्याइतकी अक्कल मला होती. शेवटी शोरूमला फोन केला. गाडी फार कलंडली की ती पडली असं समजून इंजिन आपणच बंद होतं, चावी काढून पुन्हा लावा, एवढंच काम होतं. चावी पुन्हा लावताच गाडी सुरू झाली. साडूभाऊंनी डोळे पुसले आणि मला बजावलं, "हे घरी सांगू नका."

ऊन उतरता उतरता आम्ही अहमदपूरला पोचलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला उतरवलं, कारण गाडीवर ते एकटेच दिसायला हवे होते. खिशातून कंगवा काढून भांग पाडला, शर्ट खोचला, आणि एवढासाही आवाज न करता गाडी अंगणात नेली. अक्का ओट्यावर बसली होती, शेजारी माझी बायको. मी फाटकाशी थांबलो. अक्कानं वर बघितलं. बघतच राहिली. मग उठली, पदर सावरत पायऱ्या उतरली, गाडीपाशी आली आणि टाकीवर तळवा ठेवला. तिचा चेहरा असा उजळला की माझ्या बायकोनं माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला. ओळखली होती. गाडी तिनं खरोखर ओळखली होती. साडूभाऊ अजून गाडीवरच ताठ बसून होते.

"ही तर आमच्या ह्यांची गाडी," अक्का म्हणाली. "तुमच्याजवळ कशी आली?"

"अगं, मीच हाय," साडूभाऊ म्हणाले.

"उतरा खाली. म्हातारं मानूस, केस पांढरे झाले, अन् लोकाची गाडी उचलून आनलाव? लाज न्हाई वाटली? ते कुठं हायत?" तिचा आवाज चढत गेला. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. माझी बायको तिला धरत होती, "अक्का, दाजी हायत ते," म्हणून विनवत होती, आणि अक्का तिचे हात झटकत होती. तिच्या मनात तिचा नवरा काळ्याभोर केसांचा, ताठ कण्याचा होता. त्याच्या गाडीवर हा कोण परका म्हातारा येऊन बसला होता? साडूभाऊ उतरले. त्यांनी चावी काढून तिच्या हातावर ठेवली आणि मान खाली घालून उभे राहिले. नवरा स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या बायकोसमोर चोर ठरला, आणि कबुली द्यावी तसा गप्प उभा राहिला. देवावरचा माझा विश्वास तसाही बेताचाच होता. त्या संध्याकाळी जो उडाला, तो अजून परत आलेला नाही.

मला वाटलं होतं आता ते गाडी विकतील. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा वेगळंच दृश्य दिसलं. संध्याकाळी साडूभाऊ ओट्यापुढे उभे राहून अदबीनं म्हणाले, "बाई, चला. तुमच्या मालकांनी गाडी देऊन मला धाडलंय, तुमाला घेऊन या म्हनले." अक्का तयारच होती. कपड्यांची पिशवी घेऊन ती मागे एका बाजूनं बसली, आणि परक्या माणसाला धक्का लागू नये म्हणून पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली. रोज असे ते दोघं शिरूर ताजबंदच्या वाटेनं थोडं लांब जातात. एखाद्या झाडाखाली थांबून साडूभाऊ इकडेतिकडे बघतात आणि सांगतात की मालक आत्ताच पुढच्या गावाला गेले, एक म्हैस अडली आहे. अक्काला ते पटतं. "त्यांचं असंच हाय," म्हणते आणि परत येते. येताना नवऱ्याबद्दल बोलत असते. साडूभाऊ ते मला सांगताना लाजले. "लई नावाजती हो. मानूस सोन्यासारखं हाय म्हनती. माझ्या तोंडावर जन्मात बोलली न्हाई." मग म्हणाले, "पन वाट त्याची बघती. माझी न्हाई."

काल पुन्हा त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी गाडीची तब्येत विचारली. "गाडी बेस हाय," ते म्हणाले. "काल फिरून आल्यावर तुमच्या अक्कानं मला थांबवलं. म्हनली, तुमी रोज माझ्यासाठी येवढं हिंडताव, चांगले मानूस दिसताव. घरी कोन हाय तुमच्या? म्या म्हनलो, बायको हाय. तशी म्हनली, मग हितं काय करून राहिलाव? जावा की घरी. वाट बघत असंल ती."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गाडी तिच्या अंगनात लावली अन् निघालो. गल्लीच्या तोंडाशी जाऊन जरा उभा राहिलो. अन् आलो परत."