जिथलं पाणी तिथं

आमच्या घरातलं प्यायचं पाणी मी तीन महिने स्वतःच्या हाताने बिघडवत होते, आणि तेही पुण्य म्हणून.

आमचं घर निपाणीत, जैन बसदीच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत. हे जाऊन चार वर्षं झाली. मुलगा भरत बेंगळूरला नोकरीला, सूनही तिकडचीच. घरात मी, देव्हारा आणि भिंतीवरचं घड्याळ. तिघांत घड्याळ जास्त बोलतं. भरतचा फोन दर रविवारी सकाळी नऊला यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं बरं ना, ठेवू का. चारही प्रश्नांना माझं एकच उत्तर, "व्हय." (चौथ्यालाही!) मी मुळातच कमी बोलणारी. लोकांना वाटतं, स्वभाव शांत आहे. खरं म्हणजे बोलायची मला भीती वाटते.

आमच्यात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. दुहेरी कापडातून गाळायचं, कापडावर जे बारीक जीव अडकले असतील ते थोड्या पाण्याने अलगद धुवायचे आणि ते पाणी जिथून आणलं तिथंच परत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी हे शिकवलं. म्हणाल्या, कुणालाही त्याच्या घरापासून तोडून परक्या ठिकाणी टाकू नये, मग तो जीव डोळ्याला दिसेना का. मी तेव्हा सतरा वर्षांची, आदल्याच दिवशी माहेराहून परक्या ठिकाणी आणून टाकलेली. मला ते लगेच पटलं.

नळाला पाणी येईल तेव्हा येतं, म्हणून शेजारच्या पद्माक्का आणि आम्ही मिळून एक बोअर मारलेली आहे. एकच बोअर, एकच पंप, दोन घरं. गेल्या दिवाळीत भरत आला, त्या बोअरचं पाणी एक घोट प्यायला आणि तोंड वाकडं केलं. ह्याच पाण्यावर बाळसं धरलेला मुलगा! म्हणाला, आई, हे पाणी नाही, पातळ केलेला दगड आहे. दोन दिवसांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायचं मशीन आलं आणि गच्चीवर त्या मशीनपुरती एक छोटी निळी टाकी. पाणी कमी झालं की टाकी बोअरमधून आपोआप भरून घेणार.

मशीन बसवायला शिवाप्पा आला. चिकोडीकडचा, पन्नाशीचा, मिशी मोठी आणि मराठी कानडी वळणाचं. त्याने पेनासारखं एक मीटर टाकीतल्या पाण्यात बुडवलं. सहाशे. मग मशीनच्या पाण्यात बुडवलं. पस्तीस. आकडा जितका लहान तितकं पाणी चांगलं, असं त्याने मला समजावलं. (माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पस्तीस लहान हे मला कळतं.) शेवटी मशीनखालची एक पांढरी नळी दाखवून तो म्हणाला, "आक्का, चांगलं पानी हिकडं. घाण, मीठ, किडं-जंतू सगळं ह्या नळीतनं भाईर. ही भांड्याच्या शिंकमधी सोडून द्या."

किडं-जंतू. शिंकमध्ये!

शिंकमधून मोरी, मोरीतून गटार, गटारात अख्ख्या गल्लीचा साबण. कापडावर दोन-चार जीव यायचे त्यांना आम्ही जपत होतो, आणि हे मशीन तर दिवसभर गाळणार. भरतला विचारावं असं वाटलं, पण तो शिवाप्पाशी बोलत होता, आणि दोन माणसं बोलत असताना मध्ये बोलणं मला आजवर जमलेलं नाही. भरतची गाडी कोपऱ्यावर वळली तशी मी ती नळी शिंकमधून काढली आणि घागरीत सोडली.

मशीन एक तांब्या चांगलं पाणी देतं आणि तीन तांबे नळीतून सोडतं. म्हणजे दिवसाला दोन घागरी. गच्चीवर जायला लोखंडी जिना, सोळा पायऱ्या. घागर कमरेवर घेऊन चढायचं, टाकीचं झाकण उघडायचं आणि घागर अगदी पाण्यालगत नेऊन तिरपी करायची, वरून आदळायला नको म्हणून. पहिल्या दिवशी तोंडातून सहज गेलं, "हळू." दुसऱ्या दिवशी, "पोचलात बघा." पंधरा दिवसांत मी त्यांना आज भाजी काय केली ते सांगत होते. (कुणी ऐकेल ही काळजी नव्हती. ऐकायला कोण होतं!)

पद्माक्का मात्र त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही, ठरवलं. सुमतीनं नवऱ्यामागं लई अवघड व्रत धरलंय, दोन वेळा घागर घेऊन चढती, कुणाशी एक शब्द बोलत न्हाय, असं त्यांनी बसदीत सांगितलं. पुढच्या चतुर्दशीला दोन बायका माझ्या पाया पडल्या. मी पाय मागे घेईपर्यंत त्यांचं पडून झालं होतं.

महिन्याने मशीनची धार दोऱ्यासारखी झाली. शिवाप्पा आला, गच्चीवर गेला, टाकीत मीटर घातलं. अकराशे. त्याने मीटर झटकलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा घातलं. अकराशे. मशीनच्या आतलं गाळणं बदलून त्याने भरतला फोन लावला. बोअरच्या पाण्याला काहीतरी झालंय, एवढंच मला कळलं.

त्या दिवसापासून भरतचा फोन रोज यायला लागला. सकाळी नऊला. पाण्याची चव कशी आहे, धार किती आहे, पोट दुखत नाही ना. इतके प्रश्न त्याने लहानपणीसुद्धा विचारले नव्हते. मी पावणेनऊलाच पदर सारखा करून फोनपाशी बसायची. (फोनमध्ये तोंड दिसत नाही, तरी.)

दुसऱ्या महिन्यात मीटर सोळाशेवर गेलं. भरतने घरोघरी फोन करून जाहीर केलं की निपाणीची जमीनच खालून बिघडली आहे. मग मला म्हणाला, आई, आता तिथं राहण्यात धोका आहे, पुढच्या महिन्यात येतो, घर भाड्याने देऊ, तू कायमची इकडे ये. आणि मी म्हणाले, "व्हय."

सवयीने म्हणाले! काय बोलून बसले ते फोन ठेवल्यावर कळलं. बेंगळूरला मी एकदा बारा दिवस राहिले होते. अकरावा मजला. सगळे सकाळी बाहेर, दारं सगळ्यांची बंद, आणि लिफ्टमध्ये एकटीने चढायला भीती, म्हणून मी बारा दिवस खालची जमीन बघितली नाही. इथं मी एकटी असते हे खरं, पण इथल्या भिंतींना माझी ओळख आहे.

पाणी सुधारलं तरच घर राहणार होतं. मी रात्रंदिवस विचार केला आणि कारण सापडलं. जिन्यावर घागर हिंदकळते, रोज थोडं पाणी पायऱ्यांवर सांडतं. म्हणजे तेवढे जीव वाटेत मरतात, त्याचं पाप पाण्याला लागतंय! माझी सेवा कमी पडतेय. मग मी घागर अर्धीच भरायला लागले आणि खेपा दुप्पट केल्या. शिंकमध्ये एक थेंब जाऊ दिला नाही. पाणी जोमाने बिघडलं.

तिसऱ्या महिन्यात भरत दोन रिकाम्या सुटकेसा घेऊन आला. आल्या आल्या बूट न काढता म्हणाला, आधी टाकी बघतो. माझ्या खेपांनी त्या जिन्यावर शेवाळ धरलं होतं. मला पाय कुठं ठेवायचा ते पाठ होतं, त्याला नव्हतं. अकराव्या पायरीपर्यंत तो गेला. तिथून खाली येताना त्याने एकही पायरी सोडली नाही, प्रत्येकीवर बसून आला. घोटा नारळाएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पाय खाली टेकायचा नाही.

घर धोक्याचं आहे म्हणून मला न्यायला आलेला मुलगा त्याच घरात खाटेवर पडला! मला फार वाईट वाटलं. वाईट वाटत वाटतच मी त्याच्यासाठी थालीपीठ लावलं, खीर केली, मऊ भात केला. खोटं कशाला सांगू, दोन ताटं वाढताना मी चार वर्षांत पहिल्यांदा गुणगुणत होते.

तिसऱ्या दिवशी शिवाप्पाला बोलावलं. तो जपून गच्चीवर जाऊन आला. मीटर दोन हजारांच्या वर. मग काय सुचलं कोण जाणे, तो पद्माक्कांकडे जाऊन त्यांचंही पाणी मोजून आला. सहाशे. बोअर एक, पंप एक, आणि पाणी दोन तऱ्हेचं! पाइप कुठं फुटलाय का, टाकीत कुणी काही टाकतंय का, अशी दोघांची चर्चा खाटेपाशी सुरू झाली. तेवढ्यात माझी घागर भरली. मी ती कमरेवर घेतली आणि दोघांच्या मधून निघाले.

"आई," भरत म्हणाला, "घागर घेऊन कुठं निघालीस?"

"वर."

"कशाला?"

हा प्रश्न "व्हय" म्हणून मिटणारा नव्हता. समोर सुटकेसा ठेवलेल्या होत्या. मी घागर खाली ठेवली.

"ह्यांस्नी सोडायला," मी म्हणाले.

"कुणाला?"

मग मी सगळं सांगितलं. नळी, शिंक, गटारातला साबण, सासूबाई, पायऱ्यांवर सांडणारे जीव, वाढवलेल्या खेपा. चार वर्षांतलं माझं ते सगळ्यांत लांब बोलणं.

शिवाप्पा हळूच भुईवर बसला. "आक्का, मशीन खाली मीठ काढतंय, तुमी तेच वर नेऊन घालताय. मी तीन म्हैने मीटरला शिव्या दिल्या की वो."

भरत हसला नाही. "रोज किती खेपा?"

"आता चार."

"ह्या जिन्यावरनं?"

"व्हय."

त्याने आपल्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तू एकदाही पडली नाहीस?"

"न्हाय. मी हळू जाते. त्यांना हिसका बसाय नको."

तेव्हा मात्र तो असा हसला की खाट करकरली, पाय दुखला, तरी हसतच राहिला. म्हणाला, तुला बेंगळूरला नेलं तर तू अकराव्या मजल्यावरून सोसायटीच्या टाकीवर घागर घेऊन जाशील, आणि अख्खी इमारत आजारी पडेल. तू इथंच बरी. सुटकेसा रिकाम्याच राहिल्या.

टाकी धुतली, नळी शिंकमध्ये सोडली. जिना घासला, त्याला कठडा लावला. टाकीत पाणी येतं तिथंच भरतने गाळण्याचं कापड बांधायची सोय केली, म्हणजे जे जीव यायचे ते मशीनच्या आधीच कापडावर येतात. त्यांना मी लोटीत घेऊन बसदीच्या आडात सोडून येते. (जिथलं तिथं होत नाही, पण निपाणीतल्या निपाणीत तरी राहतात.) पद्माक्कांना अजून काही सांगितलेलं नाही. पाया पडणाऱ्या बायका आता पाच झाल्या आहेत.

आठ दिवसांनी भरत गेला. शिवाप्पाने त्याचं जुनं मीटर मला दिलं, रोज बघत जा म्हणाला. पाणी उत्तम झालं आणि फोन पुन्हा रविवारवर गेला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, मीटर किती. मी म्हणाले, पस्तीस. तो म्हणाला, छान, ठेवू का.

पुढच्या रविवारीही मीटर पस्तीसच होतं. मी साठ सांगितलं. सोमवारी फोन आला!

खोटं बोलणं पाप आहे, मला ठाऊक आहे. म्हणून मी बेताने बोलते. दोनशेच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तो पुन्हा सुटकेसा घेऊन येईल. काल मीटर पस्तीस होतं, मी नव्वद सांगितलं. आज सकाळी पावणेनऊलाच पदर सारखा करून बसले आहे, आणि शंभर म्हणावं की एकशेदहा, ते ठरत नाहीये.