विहिरीमागची शेळी

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांइतका संशयी माणूस अख्ख्या भोकरदन तालुक्यात दुसरा नसेल. उभा जन्म राजूरच्या बाजारात मापाडी म्हणून धान्य मोजण्यात गेलेला, त्यामुळे दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभावच झालेला. बसमध्ये कंडक्टरने माणसं मोजली की हे मागून पुन्हा मोजत. गणपतीला प्रदक्षिणा पाच झाल्या की चार, हे बायकोला विचारत आणि तिचंही खरं न मानता आणखी एक घालत.

पहिलीला मी चित्रांच्या पुस्तकांतून गणित शिकवते. त्यांची नात शाळेत आली आणि दुसऱ्याच दिवसापासून गप्प झाली. घरी अखंड बडबडणारी पोर वर्गात तोंड उघडेना. आजोबांचा संशय थेट पुस्तकावर. रोज परिपाठ संपला की ते दाराशी चपला काढून मागच्या बाकावर बसत आणि पुस्तक उजेडात धरून एकेक पान तपासत. विहिरीच्या चित्रावर तर त्यांचा विशेष राग.

"बाई, तीन शेळ्या म्हणून राह्यल्या तुम्ही. पण विहिरीमागं एखादी असंल तं?"

"आजोबा, दिसतात तेवढ्याच मोजायच्या."

"मंग तर बिलकुलच फसवाफसवी!"

खरं सांगते, मला त्यांचा वैताग यायचा. नातीला कोणी ढ म्हणेल या भीतीनं ते येतात हे कळत होतं, पण हिला मोजताच येत नाही असं मीही मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा चिडून मी त्यांच्यापुढेच शेळ्यांवर बोट ठेवलं. "एक..."

"थांबा!" ते ओरडले. "पहिलं माप लाभ असतंय. लाभ, दोन, तीन. एक म्हणून माप कोणी सुरू करतंय का? नातीला म्याच शिकवलं, बराबर."

मला आठवलं. पहिल्याच दिवशी ही पोर "लाभ" म्हणाली होती. वर्ग हसला होता, आणि मी सगळ्यांदेखत "चूक" म्हणाले होते.

मी तिच्याजवळ जाऊन बसले, पहिल्या शेळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लाभ." ती आजोबांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोन. तीन." आणि विहिरीकडे दाखवून, "मागं एक असंल."

आजोबांनी उपरण्याने डोळे पुसले, आणि शेळ्या स्वतः पुन्हा मोजून घेतल्या. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्यांचा संशय फिटला होता. मला मात्र तो रिकामा बाक बघवत नाही. आता माझं काही चुकलं, तर सांगणार कोण?