पोच घेणारी विहीण

पेणपासून रोह्यापर्यंत माझ्या विहिणीसारखी बाई दुसरी नाही, आणि नाही तेच बरं आहे. दोन असत्या तर रेल्वेला नुसत्या पावत्यांसाठी एक डबा जोडावा लागला असता. तिच्या हातून आजवर एकही वस्तू पोच घेतल्याशिवाय सुटलेली नाही. रोह्याच्या पोस्टात ती पस्तीस वर्षं खिडकीत बसली. निवृत्त झाली तेव्हा पोस्टाने तिला शाल दिली, नारळ दिला, पण खिडकी काढून घ्यायला विसरले. ती खिडकी अजून तोंडासमोर धरून हिंडते. कुंडलिकेच्या पलीकडे, अष्टमीत तिचं घर आहे. शेजारी वालाचं बिरडं पाठवलं तरी वाटीबरोबर चिठ्ठी जाते: ‘वाटी एक, स्टीलची, काठ चेपलेली, बिरड्यासह मिळाली.’ खाली शेजारणीने सही करायची, मगच बिरडं खायचं. शेजारीण म्हणते, सही करेपर्यंत ते थंड होतं, पण चवीला एवढं चांगलं असतं की करते बिचारी.

माझी मुलगी तिच्या घरी दिली तेव्हाची गोष्ट. पाठवणीची वेळ, मांडवात सगळ्यांचे डोळे पुसणं चाललेलं, आणि ही बाई पर्समधून कागद काढून माझ्या हातात देते. त्यावर लिहिलेलं: ‘एक मुलगी, नाव संगीता, सुखरूप मिळाली.’ खाली सही, तारीख. मी रडायची थांबले. म्हटलं, “आनि परत पाठवायची झाली तर?” तर म्हणते, “विहीणबाई, पत्ता चुकला तरच टपाल परत जातं. हा पत्ता बरोबर आहे.” तो कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. राग म्हणून ठेवला होता.

तिची दुसरी खोड त्याहून कठीण. पूर्वी वाचता न येणाऱ्या बाया पत्र घेऊन खिडकीशी यायच्या आणि ती वाचून दाखवायची. नियम एकच. शब्द गाळायचा नाही, शब्द घालायचा नाही. एकदा गडब गावच्या एका बाईला तिच्या नवऱ्याचं पत्र आलं, की मी इकडे दुसरी बायको केली, आता वाट बघू नये. पोस्टातले बाकीचे लोक खुणा करत होते, की जरा सौम्य करून सांगा. हिने सगळं पत्र वाचलं. शेवटचं ‘कळावे, लोभ असावा’ सुद्धा सोडलं नाही. मग खिडकी बंद केली आणि त्या बाईला घरी नेऊन दोन दिवस ठेवून घेतलं. मी तिला विचारलं, “तुमाला जरा सावरून वाचता आलं नसतं?” तर म्हणाली, “पत्र त्याचं. त्यात साखर घालणारी मी कोण?” अशी ही बाई. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खरं सांगते. मला ही बाई वीस वर्षं आवडली नाही आणि त्याला कारण नुसत्या पावत्या नव्हत्या. मी चौथी पास. आमचं गाव कासू स्टेशनापासून खाडीकडे, जन्म मिठागरात गेला. ती मॅट्रिक झालेली, पोस्टातली, इंग्रजी पत्ते वाचणारी. नात झाली तेव्हा नाव हिने ठेवलं, मृण्मयी. चांगली चार सोपी नावं असताना हिने त्यात जोडाक्षर घातलं. मला ते नाव लिहिता यायला मूल दोन वर्षांचं झालं. पुन्हा माझ्या मुलीला रोह्यात नोकरी, जावई कंपनीत शिफ्टला, म्हणजे पोर वाढली हिच्या मांडीवर. पोर हिला नुसतं ‘आजी’ म्हणते. मला म्हणते ‘कासूआजी’. म्हणजे ही खरी आजी आणि मी स्टेशनची पाटी. मी गाडीत बसून सुकट, करंदी, निवडलेलं जाडं मीठ घेऊन जायची. पोर दारात उडी मारायची, “कासूआजी आली!” आणि पाच मिनिटांनी आतून हाक, “आजी, माझी वही कुठाय?” त्या हाकेवर माझं पाणी व्हायचं. कुणाला दाखवलं नाही, पण व्हायचं.

अशात नात दहावीत गेली. पुण्याच्या पलीकडे डोंगरात एक मोठी निवासी शाळा आहे. तिथे अकरावी-बारावीला परदेशी पद्धतीचा अभ्यास असतो. परीक्षा सगळ्या जगाची एकच, आणि हुशार मुलांना फी माफ. नातीच्या विज्ञानाच्या बाई तिला म्हणाल्या, अर्ज कर, तुझं होईल. हे झालं असतं तर पोरीला पुढे जगातलं कुठलंही दार उघडं होतं, आणि पोरीने तर त्या शाळेचा फोटो कपाटाच्या आतून चिकटवलेला. पण अर्ज म्हणजे नुसता अर्ज नव्हे. दोन शिक्षकांच्या शिफारशी, केलेल्या समाजसेवेचे तास, एक निबंध, आणि शेवटी कॉम्प्युटरवर मुलाखत. आमच्या वेळी सोयरीक जमवताना इतकी चौकशी करत नव्हते.

विहिणीने पदर खोचला. पहिलं काम समाजसेवा. अष्टमीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याची सेवा झाली आणि प्रत्येकाची सही घेतली गेली. ‘वर्तमानपत्र वाचून दाखवले, एक तास, मिळाले.’ एका रिटायर मास्तरांना चांगलं दिसत होतं, ते म्हणाले, मी माझं वाचतो. विहीण म्हणाली, “मास्तर, चष्मा काढा आणि बसा. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे.” मास्तर बारा तास ऐकत बसले. मी म्हटलं, मी काय करू? तर मला म्हणाली, “तुम्ही आशीर्वाद द्या, विहीणबाई.” आशीर्वादाची तेवढी पोच मागितली नाही. त्याची किंमत तेवढीच.

मग मुलीने फोनवर निबंधाचा विषय सांगितला: ‘ज्या माणसाने तुला घडवलं, त्याच्याविषयी लिही.’ मी नातीला फोनवर घेतलं.

“कोनावर लिवलंस गो?”

“आजीवर.”

“कोनत्या?”

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “कासूआजी, ते आत्ता सांगायचं नाय. निवड झाली की सांगीन.”

चार दिवस मला भाताची चव लागली नाही. उत्तर ठाऊक असलं की माणूस जास्त विचारतो. पाचव्या दिवशी मीठ आणि सुकट घेऊन गाडीत बसले. गौरी-गणपती नुकते झाले होते, हवा ओल्या फडक्यासारखी. अष्टमीत पोचले तर विहीण ओटीवर सुई-दोरा घेऊन बसलेली. अर्ज, दाखले, सह्या, निबंध, सगळं पाकिटात घालून वर मांजरपाट कापड शिवत होती, पूर्वी पार्सलं शिवायचे तसं. नात डोकं धरून उभी.

“आजी, अर्ज ऑनलाइन भरलाय गो! हे बघ, ‘मिळाला’ असं आलंय.”

“पडद्यावर काय काहीही येतं. सही कुठे आहे?”

“तिकडे कुणी सही करत नाय.”

“रजिस्टरने पाठवलं की करावीच लागते.”

आणि ती शिक्क्यासाठी लाख तापवायला आत गेली. शेवटचे चार टाके राहिले होते. मी एकटी आणि ते पाकीट. माझ्या मनात आलं, निबंधात हिचंच नाव असणार. दाखल्यांवर हिच्या मुलाचं आडनाव. सह्या हिने जमवलेल्या. मग या सगळ्यात माझं काय? पिशवीतून मिठाची एक पुरचुंडी काढली आणि कापडात सरकवली. जन्मभर मीठ पिकवलं मी. दमट हवेत बंद कापडात जाडं मीठ घाम सोडतं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण त्या घटकेला मी मिठागरातली नव्हतेच. मी नुसती जळत होते.

आठ दिवसांनी शाळेतून फोन. पार्सल ओलं आलंय, कागद एकमेकांना चिकटलेत, शाई फुटली, आणि आत हे मीठ कसलं? माझ्या मुलीने मला फोन करून सांगितलं. पोरीचं कपाटातलं चित्र मी पुसलं असं वाटलं. मुलगी म्हणाली, “आई, घाबरू नको. ऑनलाइनचा अर्जच धरतात, कागद त्यांना नकोच होते.” तरी माझा जीव थाऱ्यावर येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीण आमच्या दारात. वीस वर्षांत सणाशिवाय ही बाई कासूला उतरली नव्हती. मी पाणी दिलं. प्यायली आणि म्हणाली, “टपालात ओला होणारा जिन्नस चालत नाही, विहीणबाई.”

म्हटलं, “व्हय, मीच टाकलं. निबंधात तुमीच असनार. निदान पाकिटात तरी माजं काय असू दे, म्हणून टाकलं. आता काय बोलायचं ते बोला.”

 तिने अंगणातल्या सुकटीवर बसणारा कावळा हाकलला. मग पर्समधून चष्मा काढला, घडी केलेले दोन कागद काढले. “निबंध इंग्रजीत आहे,” म्हणाली. “प्रत आणली आहे. वाचून दाखवते.”

आणि वाचलं. मराठीत करून, सावकाश. माझी आजी मिठागरात वाढली. तिच्या टाचांना भेगा आहेत, त्यात मीठ जायचं तरी ती पहाटे खाऱ्या पाण्याच्या कोंडीत उतरायची. पाण्याचा रंग बघून तिला उद्याचं मीठ कळतं. चौथीनंतर शाळा सुटली त्या दिवशी तिने आपली पाटी मिठागराच्या बांधात पुरली, कुणाला सांगितलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस त्या जागेवर पाय पडू दिला नाही. अशी आजी असताना मला शिकायला मिळतंय, म्हणून मी दोघींच्या वाटचं शिकणार आहे.

मी पदर तोंडावर घेतला. बाई कागद घडी करून उठली, “येते, दहाची गाडी आहे,” म्हणाली आणि गेली. त्या दिवशी मी जेवले ते पोटभर. आणि मनात म्हटलं, बघ गो बाई, पोस्टातली असशील, पण घडवली मीच. ते तिलाच आपल्या तोंडाने वाचावं लागलं, याचाही मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

पुढे मुलाखत झाली, निवड झाली. पोरीचा फोन आला, हसूच आवरेना तिला. “कासूआजी, मुलाखतीत त्यांनी पहिलं काय विचारलं ठाव हाय? म्हणाले, तुझी ती पोस्टातली आजी आमची पण सही घेणार काय? माझा निबंध त्यांना लय आवडला!”

“पोस्टातली?”

“व्हय, आजीवरच लिवलेला ना. वाटीची पोच, ते गडबच्या बाईचं पत्र, सगळं लिवलं. तुला राग नाय ना आला?”

“नाय गो,” मी म्हटलं. “राग कसला.”

फोन ठेवला आणि ओटीवर बसले. मग एकेक आठवायला लागलं. विहीण वाचते तेव्हा ओळीवर बोट फिरवते, पोस्टातली सवय. त्या दिवशी बोट कागदाच्या कडेला धरलेलं होतं, हललंच नाही. आणि ती पाटी. पाटीची गोष्ट नातीला ठाऊकच नाही. माझ्या मुलीलाही नाही. जन्मात एकदाच बोलले होते, नात जन्मली त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर, आत मुलगी कळा देत असताना वेळ जाईना म्हणून. शेजारी विहीण बसलेली. मला वाटलं होतं तिचं लक्ष नाही, ती नर्सकडून कसलीशी पावती मागत होती.

पोर जूनमध्ये शाळेत गेली. विहिणीने वसतिगृहाच्या बाईंकडून ‘एक मुलगी, सुखरूप मिळाली’ असं लिहून घेतलं म्हणे. आता अष्टमीच्या घरात ‘आजी’ अशी हाक नाही आणि माझ्या दारातही ‘कासूआजी’ नाही. दोघी सारख्याच झालो. यात मला समाधान वाटायला हवं होतं, इतकी वर्षं हेच तर हवं होतं. वाटलं नाही.

गेल्या महिन्यात पेणला जाऊन पोस्टातून एक कार्ड आणलं. चौथीच्या अक्षरात, जोडाक्षर टाळून लिहिलं: ‘विहीणबाई, तुमचा निबंध मिळाला. पाटी अजून बांधातच आहे.’ खाली सही केली, तारीख घातली.

त्याची पोच अजून आलेली नाही. रोह्याहून पोच आली नाही असं वीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. पोस्टमन दिसला की मी अंगणात काहीतरी काम काढते.